ढगांनो, हलू नका!

फोटोग्राफीचा शोध फ्रान्समध्ये लागला की इंग्लंडमध्ये, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. ते त्यांना लखलाभ. माझ्या मते ही सगळी कला एका हुकुमावर उभी आहे आणि तो हुकूम म्हणजे 'हलू नका!' जुन्या घरांच्या भिंतींवर जे आजोबा टांगलेले असतात, त्यांची ती करारी मुद्रा पाहून नातवंडांना वाटतं, माणूस मोठा तडफेचा असावा. तडफ कसली नि काय! समोरच्या माणसानं त्यांना दहा आकडे मोजून होईपर्यंत पापणी हलवायची नाही, असं बजावलेलं असे. आठव्या आकड्याला कुणीही करारीच दिसतो.

जो हलला नाही, तो इतिहासात गेला. किल्ले गेले, मकबरे गेले, लेणी गेली, सिंहासनाला चिकटून बसलेले राजे गेले. जे हलले त्यांचे नुसते धूसर डाग उरले. त्यांत तान्ही मुलं आली, कुत्री आली, घोड्यांच्या शेपट्या आल्या. आणि ज्यानं जन्मात कधी कुणाचा हुकूम ऐकला नाही, त्या पावसाचा तर डागसुद्धा उरला नाही. गेल्या शतकाच्या आधीचे आपल्याकडचे फोटो उघडून बघा. खाली दगड न् दगड मोजून घ्यावा इतका स्पष्ट, आणि वर आभाळ मात्र धुतलेल्या पंचासारखं पांढरंशुभ्र. त्या काळी मराठवाड्यात ढगच येत नव्हते की काय, अशी शंका यावी.

ही शंका मला पडेगावमुळे आली. औरंगाबादहून (२०२३ पासून या शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण जुन्या गोष्टी मी जुन्याच नावानं सांगतो, नाही तर जुन्या लोकांचे टांगे चुकायचे) छावणी ओलांडून दौलताबाद-वेरुळच्या रस्त्याला लागलं की पडेगाव लागतं. 'लागतं' हाच शब्द बरोबर आहे. दौलताबाद पाहतात, वेरुळ पाहतात, खुलताबादला जातात, आणि पडेगाव वाटेत लागतं. इथं पाहण्यासारखं काय, तर माळ. शेळ्यामेंढ्यांच्या पैदाशीचं सरकारी प्रक्षेत्रसुद्धा इथं निघालं, यावरून त्या माळाचा स्वभाव ध्यानात यावा. आणि त्या माळावर आभाळ. शहरात आभाळ तुकड्यातुकड्यानं मिळतं, पडेगावला ते अख्खं मिळे. मे महिन्यात दुपार कलली की भांगसीमाता गडाच्या पलीकडून वळवाचा ढग उठायचा. आधी खाली एक तांबडी धुळीची भिंत, मग वर काळानिळा डोंगर, मग त्या डोंगराच्या पोटात लखलख, मग वारा, मग बोराएवढे थेंब, कधी गारा, आणि अर्ध्या तासात सगळा बाजार उठून मोकळं आकाश. असा देखावा दरसाल फुकटात चालू असताना एकाही फोटोवाल्यानं तिकडे बघू नये, याचं मला नवल वाटे.

आपण ज्याला माळ म्हणतो, त्याच्या थोरल्या भावाला अमेरिकेत प्रेअरी म्हणतात. फरक इतकाच, की ते प्रेअरीवर कादंबऱ्या लिहितात आणि आपण माळावर प्लॉट पाडतो. तर या प्रेअरीवर, कॅन्सस राज्यातल्या गार्नेट गावाजवळ, १८८४ सालच्या २६ एप्रिलला आभाळातून हत्तीच्या सोंडेसारखं एक चक्रीवादळ खाली उतरलं. गावात ए. ए. अ‍ॅडम्स नावाचा एक हौशी फोटोग्राफर होता. वादळही मोठं समजूतदार. ते इतक्या संथपणे चाललं होतं, की अ‍ॅडम्सला आपली पेटी आणून, ती उभी करून, नेम धरून फोटो काढायला सवड मिळाली. आपल्याकडे लग्नाच्या वरातीसुद्धा फोटोग्राफरला इतकी सवड देत नाहीत. चक्रीवादळाचा सर्वांत जुना फोटो म्हणून आज तोच दाखवतात. त्याच साली २८ ऑगस्टला डाकोटा प्रांतात एफ. एन. रॉबिन्सन यानं दुसऱ्या एका वादळाला असंच पकडलं. त्याच्याही आधी, १८८२ साली, फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्जनं काचेवर वीज उतरवली होती. विजेचं एक बरं असतं. रात्री कॅमेऱ्याचं तोंड उघडं ठेवून बसायचं, ती आली की आपला फोटो आपणच काढून जाते. स्वतःचा दिवा स्वतः घेऊन फोटोला येणारी दुसरी बाई माझ्या पाहण्यात नाही.

तिथपासून तिकडे जे वेड लागलं, ते आजतागायत आहे. मोटारीत लाकडी कॅमेरा आणि तीन पायांचं स्टँड टाकून वादळाच्या मागे शेकडो मैल धावणारी माणसं तिकडे अजून आहेत. कॅमेरा केवढा, तर एकेक फिल्म चार इंच बाय पाच इंच, कुणाची आठ बाय दहा. डोक्यावर काळं फडकं घ्यायचं, मागच्या दुधी काचेवर उलटं चित्र बघायचं, नेम जुळवायचा, फिल्म घालायची, आणि एवढं सगळं होईपर्यंत वादळ पुढच्या तालुक्यात. तरीही ते धावतात, कारण एवढ्या मोठ्या फिल्मवर ढगाची घडी न् घडी, सुरकुती न् सुरकुती उतरते. आपल्याकडे पत्रिका बघणारे जसे तळहात बघतात, तसा ढग बघता येतो.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कॅमेरे नसतील. होते तर! मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले एक खटपटे सभासद होते. अजिंठ्यात तर मेजर रॉबर्ट गिल ठाण मांडून बसला होता. कंपनी सरकारनं त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. त्यानं वर्षानुवर्षं खपून नकला केल्या, त्या लंडनला पोचल्या, आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. दरम्यान साहेबानं कॅमेरा हाती धरला होता, म्हणून थोडं तरी वाचलं. अजिंठा-वेरुळचे त्याचे ७४ फोटो घालून जेम्स फर्ग्युसननं १८६४ साली पुस्तक काढलं. त्याच साली गिलच्या जोडफोटोंचं दुसरं पुस्तक निघालं. त्यात देवळं आहेत आणि शिकार केलेली जनावरंही आहेत. वाघालासुद्धा 'हलू नका' हे त्याच उपायानं पटवावं लागत होतं.

पण गिलनं ढग का काढला नाही, हे समजायला त्या वेळची कृती डोळ्यांपुढे आणा. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजानं ओल्या काचेची युक्ती काढली. काच घासूनपुसून घ्यायची, तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, हात असा फिरवायचा की घावनासारखा तो चारी कोपऱ्यांना सारखा पसरेल, मग अंधारात चांदीच्या नायट्रेटमध्ये बुडवायची. तिच्यावर चांदीच्या आयोडाइडचा साईसारखा थर धरतो. आता ही काच ओली आहे तोवरच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून पुन्हा तंबूत पळायचं आणि धुवायची. वाळली की संपलं. हे सगळं मराठवाड्यात, मे महिन्यात, काळ्या तंबूच्या आत, ईथरच्या वाफेत! घावन उलटायला दोन मिनिटं उशीर झाला तर काय होतं, हे घरोघरच्या माउलींना माहीत आहे. अशा माणसाला तुम्ही वावटळीत उभा करणार?

त्यातून त्या काचेला एक दृष्टिदोष होता. तिला निळा रंग फार दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे काळा-तांबडा दगड नीट उतरावा म्हणून कॅमेरा उघडा ठेवला, की तेवढ्यात निळं आभाळ करपून पांढरं होई आणि त्यातले पांढरे ढग त्यातच विरघळत. ढगांपुरतं झटकन उघडून मिटावं, तर खालची जमीन काळीठिक्कर. जमीन आणि आभाळ दोघांना एका वेळी खूश ठेवणं त्या काचेला जमत नव्हतं. पावसालाही ते कुठं जमतं म्हणा!

फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यानं १८५६-५७ च्या सुमाराला यावर तोड काढली. समुद्र एका काचेवर घ्यायचा, आभाळ दुसऱ्या काचेवर, आणि छापताना दोघांचं लग्न लावून द्यायचं. एकेक आभाळ तर दोन-दोन समुद्रांना दिलेलं आढळतं. लोक वाहवा करत. मुलाकडची मंडळी एका गावची आणि मुलीकडची दुसऱ्या गावची असली तरी जोडा शोभला म्हणजे झालं, तसा प्रकार. पण लक्षात ठेवा, आभाळाच्या बाबतीत फोटोनं खोटं बोलायला सुरुवात केली ती अशी अगदी पाळण्यातच. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

गिलनंतर आले लाला दीनदयाळ. मूळचे मेरठकडच्या सरधन्याचे, रुरकीला शिकलेले, इंदूरला नोकरीत असताना फोटोग्राफीत शिरलेले आणि पुढे सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर झालेले. 'राजा' हा किताब त्यांना हैदराबादेनं दिला. निजामाच्या मुलखातल्या देखाव्यांचे १८९२ सालचे त्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत. त्यात औरंगाबाद आहे, दौलताबाद आहे, वेरुळ आहे. औरंगाबादहून दौलताबादेला जायचं तर वाट इकडूनच. म्हणजे काचांच्या पेट्या लादलेली ती वरात पडेगावच्या माळाशेजारून गेली असणार. तोवर कोरड्या तयार काचा बाजारात येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. तंबूची धावपळ संपली होती. मनात आणलं असतं तर ढग पकडता आला असता. पण ढग पैसे देत नाही, आमंत्रण देत नाही आणि दरबारात त्याची खुर्चीही नसते.

आणि मग एक दिवस हा कॅमेरा पावसासाठी म्हणूनच औरंगाबाद भागात आला. अर्थात पाऊस न पडल्याच्या कामासाठी. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात दीनदयाळांच्या फोटोंचा एक गट आहे. निजाम सरकारनं दुष्काळात काय केलं, ते दाखवण्यासाठी काढलेला. त्यावरची नोंद 'औरंगाबाद, १८९५ ते १९०२' अशी आहे. त्यात दुष्काळी कामावर रस्ता बांधणारी माणसं आहेत. ही माणसं मात्र हुकमाबरहुकूम अजिबात हललेली नाहीत. हलण्याइतकं अंगात काही उरलेलं नसावं. वर आभाळ नेहमीसारखं कोरं. पण या एका ठिकाणी काचेचा दृष्टिदोष माफ करावासा वाटतो. त्या साली आभाळ खरोखरच कोरं होतं.

म्हणजे हिशेब असा, की पावसाळ्यात न बिघडणाऱ्या दगडांचे फोटो आमच्याकडे आहेत, पाऊस न आल्याचे आहेत, आणि हैदराबादेत १९०८ साली मुसी नदीला पूर आला त्यानंतरच्या पडझडीचेही आहेत. पाऊस येतानाचा तेवढा नाही. ज्या एका पाहुण्याची सगळा मुलूख वर्षभर वाट पाहतो, त्याचा आल्याबरोबरचा फोटो नाही. तो निघून गेल्यावर सांडलेल्या पंगतीचा आहे.

ही उणीव भरून काढायचं एका माणसाच्या मनात आलं. ते आमचे मामा. औरंगाबादेत त्यांचा एक छोटासा स्टुडिओ होता. पडद्यावर रंगवलेला राजवाडा, पुढे लाकडी कठडा, कागदाची फुलं, आणि मधोमध तीन पायांवर वागीश्वरी कॅमेरा. वागीश्वरी म्हणजे केरळात आलप्पुळ्याला के. करुणाकरन यांनी सागवानी लाकडाचा बनवलेला कॅमेरा. १९४० च्या दशकात तो निघाला आणि पुढची तीसेक वर्षं देशभरच्या स्टुडिओंत नांदला. पितळी भिंग, चामडी भाता, पाठीला दुधी काच. तोवर फिल्मही सुधारली होती. सगळे रंग ओळखणारी काच १९०६ साली इंग्लंडात बाजारात आली आणि तिच्या पोटी आलेली कट फिल्म मामांच्या कपाटात होती. भिंगावर लाल काच धरली की निळं आभाळ गडद होऊन ढग उठून दिसत. गिल-दीनदयाळांना जे नव्हतं, ते सगळं मामांकडे होतं. फक्त गिऱ्हाइकं नव्हती.

कारण साल १९७३. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं माणसं खडी केंद्रावर गेलेली. घरात सुकडी आणि मिलोच्या लाल भाकरी. अशात नवरानवरीचा फोटो कोण काढतो? मामा दिवसभर दारात बसून आभाळाकडे बघत. सगळंच गाव बघे. मे संपत आला तसं एके दुपारी ते उठले आणि म्हणाले, "वर्षभर ज्याची वाट पाहिली त्याचा एक फोटो आपल्याकडे नको? चल, स्टँड घे." भाच्याचा उपयोग मामाला काय असतो, ते मला त्या दिवशी खांद्याला कळलं.

पडेगावच्या माळावर मामांनी कॅमेरा उभा केला आणि फडक्याखाली शिरले. गडाच्या बाजूला ढग चढत होता. इतक्यात एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. आमच्याभोवती एक चक्कर मारून त्यानं विचारलं,

"डब्यात काय बघू लागलेत?"

"पाऊस," मामा आतून म्हणाले.

"मंग डब्यात काहून बघता? वर बघा की."

मामांनी त्याला फडक्याखाली घेतलं. थोडा वेळ आतून काही आवाज आला नाही. मग म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "हे तं सगळं उलटं हाय. आभाळ खाली आन् जमीन वर."

"कॅमेऱ्यात तसंच दिसतं, बाबा."

"गेल्या साली तं बिनकॅमेऱ्याचं बी तसंच दिसलं," म्हातारा म्हणाला आणि शेळ्यांकडे गेला.

मग वारा सुटला. मी स्टँडचे दोन पाय धरले, तिसरा मामांनी आपल्या पायानं दाबला. काळं फडकं उडालं ते दौलताबादच्या दिशेनं गेलं. म्हातारा लांबून ओरडत होता, "ओ फोटूवाले, इजा हायेत, उघड्यावर नका राहू!" दिवेलागणीची वेळ, त्यात ढगानं अंधारलेलं. मामांनी भिंगाची टोपी काढली. "एक... दोन..." आणि तीनला गडाच्या माथ्यावर लख्ख वीज उतरली. मामांनी टोपी लावली. पहिला थेंब माझ्या मानेवर पडला तेव्हा आम्ही टांग्यात होतो.

फोटो असा आला होता की काय सांगू! खाली माळाची काळी पट्टी, तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या शेळ्या आणि हात वर केलेला धूसर म्हातारा. वर तीन चतुर्थांश कागदभर ढग, घडीवर घडी. आणि उजव्या कोपऱ्यात गडावर उतरलेली विजेची मुळी. मामांनी तो काचेत ठेवला आणि आठ दिवस गिऱ्हाइकाशिवायही मजेत होते.

नवव्या दिवशी तो म्हातारा स्टुडिओत आला. पायरीवरच उभा राहून म्हणाला, "त्या दिशीचा पाऊस तुमच्याकडं हाय ना? मला पायजे."

मामांनी त्याला आत घेतलं, फोटो दाखवला, हातात भिंग दिलं. त्यानं पाऊस पाहिलाच नाही. शेळ्या मोजल्या. सतरा भरल्या. मग एका दाण्यावर बोट ठेवून म्हणाला, "ही." तुम्ही गेल्यावर सगळ्या लिंबाखाली गेल्या, वीज लिंबावर आली, ही गेली. गाभण होती. वीज पडून जनावर गेलं तर सरकारातून काही मिळतं असं कुणीसं त्याला सांगितलं होतं, आणि पुरावा काय म्हणून विचारलं होतं. पुरावा मामांकडे होता.

मामा फोटो घेऊन त्याच्याबरोबर एका कचेरीत गेले. मीही होतो. तिथल्या कारकुनानं फोटो उजेडात धरला, आडवा धरला, उभा धरला. म्हणाला, "वीज आहे. शेळीही आहे. पण वीज इथं डोंगरावर आणि शेळी इथं माळावर. दोघींचा संबंध कुठं आहे?"

"तो दाखवायचा तर मला आणखी दहा मिनिटं तिथं थांबावं लागलं असतं," मामा म्हणाले. "मग शेळीचा अर्ज यांनी केला असता आणि माझा आमच्या घरच्यांनी."

बाहेर पडताना तिथला शिपाई हळूच जवळ आला. मामांना तो ओळखत होता, त्याच्या मुलीचा फोटो मामांनीच काढला होता. म्हणाला, "मामा, तुमच्या हातात आहे हो. ती तिकडची वीज जरा इकडं ओढून द्या की."

हे अगदी खरं होतं. निगेटिव्हवर पेन्सिल चालवण्यात मामांचा हात धरणारा गावात नव्हता. शेकडो मुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण त्यांनी पुसले होते, नवरदेवांना मिशा दाखवल्या होत्या आणि मुलीकडच्यांनी पसंती कळवली होती. विजेची एक फांदी डोंगरावरून लिंबापर्यंत आणणं, पाच मिनिटांचं काम. त्या रात्री मामा रिटचिंगच्या मेजावर दिवा लावून बसले. पेन्सिलीला टोक केलं. मी दोनदा उठून पाहिलं, तरी बसलेलेच. सकाळी त्यांनी म्हाताऱ्याला नवी प्रत दिली. वीज डोंगरावरच होती.

"माणसांची तोंडं पुष्कळ बदलली," ते म्हणाले, "पण आभाळावर खोटा आळ नाही घालवत."

म्हाताऱ्यानं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की आलीया भोगासी म्हणून, ते मान हलवण्यावरून कळत नसतं. प्रत कचेरीत गेली. कारकुनानं आवक क्रमांक घातला आणि जागा कुठंच मोकळी नसल्यामुळे गोल शिक्का ढगाच्या बरोबर मध्यावर मारला. पैसे आले नाहीत. फोटोही परत आला नाही. मामांचं तत्त्व शाबूत राहिलं, आणि त्याची किंमत एका गाभण शेळीइतकी होती, जी मामांची नव्हती. आजही मला वाटतं, एवढी फांदी ओढली असती तर आभाळाचं काय जाणार होतं? आणि लगेच असंही वाटतं, की गिल, दीनदयाळ, मामा, या सगळ्या परंपरेत एकानं तरी आभाळाबद्दल खरं सांगितलं, आणि ऐकणाऱ्याला ते पुरेसं वाटलं नाही. यापुढे माझा विचार जात नाही.

पुढे रंगीत फोटो आले, मामांचा स्टुडिओ मिटला, आणि काळ्यापांढऱ्या निगेटिव्हांची पोती किलोवर गेली. ती घेऊन जाणारे लोक त्यातून चांदी काढत. फोटोतला काळेपणा म्हणजे चांदीच असते ना. मामा त्या माणसाला एवढंच म्हणाले, "ढगाची वेगळी तोल. त्यात जास्त निघेल."

चांदीचा आणि ढगाचा हा संबंध इथं संपला असं मला वाटलं होतं. पण १९४६ साली अमेरिकेत बर्नार्ड व्हॉनेगट या शास्त्रज्ञानं शोध लावून ठेवला होता, की चांदीच्या आयोडाइडचे कण थंडगार ढगात सोडले तर त्यांच्याभोवती बर्फाचे स्फटिक धरतात आणि पाऊस पडायला मदत होते. त्या विद्येचा प्रयोग २०१५ च्या ऑगस्टमध्ये मराठवाड्यात झाला. रडार बसलं, औरंगाबादहून विमान उडालं, आणि २०१९ साली पुन्हा उडालं. आर्चरच्या काचेवरचा तोच साईसारखा थर! ज्या क्षारानं ढग काचेवर उतरले नाहीत, त्याच क्षाराला आता ढग शेतात उतरवण्याचं काम दिलं. नंतर पडलेला पाऊस विमानानं पडला की आपला आपण, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. तेही त्यांना लखलाभ.

आता पडेगावच्या माळावर घरं झाली आहेत. वळवाचा ढग उठला की गच्चीगच्चीवर माणसं मोबाइल वर करून उभी राहतात. एका संध्याकाळी त्या ढगाचे जेवढे फोटो निघत असतील, तेवढे अख्ख्या एकोणिसाव्या शतकात औरंगाबादचे निघाले नसतील. आभाळावरचा अन्याय दूर झाला म्हणायचा. लिंबाखालचा मात्र अजून व्हायचा आहे. मराठवाड्यात दर वळवाला माणसं आणि जनावरं विजेनं जातातच, आणि बरीचशी झाडाखाली. त्याच मोबाइलमध्ये पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी काढलेलं 'दामिनी' नावाचं ॲप घेता येतं. आसपास वीज पडायचा संभव असला, तर ते आधी सांगतं. माझ्या शेजारचा मुलगा परवा गच्चीवर ढगाचा फोटो घेत असताना ते त्याच्या हातातच वाजलं. तो म्हणाला, "एक मिनिट, फोटो हलेल."

मी त्याला दंडाला धरून जिन्यात ओढला. फोटो हलला.